भिकीआयचा भुईचाफा

बसा, ऐका. आपल्या हातखोलला यायला डोंगरातून एकच पायवाट होती आणि आजारी माणसाला वैद्याकडे डोलीतून न्यावं लागे, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा गावात भिकी नावाची सुईण होती. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती. देवाकडे भीक मागून मिळालेली पोर म्हणून आईबापांनी तिचं नाव भिकी ठेवलं. गाव तिला भिकीआय म्हणे.

त्या वेळी घरोघरी मुलं होत आणि घरोघरी जात. बारशाआधी गेलेल्या मुलाला नाव नसे, त्याचे दिवसही कुणी घालत नसे. बाप त्याला फडक्यात गुंडाळून वेशीबाहेर पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर पुरून येई आणि घरी आल्यावर सांगे, "झालं ते झालं. आता त्याचं नाव काढायचं नाय." आई मग उठून भात कांडायला लागे. चोळी दुधानं भिजलेली असायची, पण डोळे कोरडे ठेवावे लागत.

भिकीआयची एकुलती एक लेक अशीच गेली. त्या साली तिनं माहेरच्या परसातून भुईचाफ्याचा गड्डा आणला आणि लेकीला पुरलं होतं त्या मातीत लावला. भुईचाफा मोठं नवलाचं फूल. पावसाळ्यात त्याला रुंद पानं येतात, थंडीत ती वाळून जातात आणि जमीन उघडी पडते. मग चैत्राचं ऊन तापलं की पानाआधीच, थेट मातीतून फूल वर येतं. पांढरं, मधे जांभळट. घमघमाट असा की वाटेनं जाणारा थांबतो. सकाळी उमलतं, संध्याकाळी मान टाकतं.

"एका दिवसाचं असतं," भिकीआय म्हणे, "पण येतं हो. दरसाल येतं."

पुढे तिच्या हातावर जन्मलेलं जे जे मूल गेलं, त्याच्या जागी ती एक गड्डा लावू लागली. जुने गड्डे काढून ती फोडायची, फोडलेल्या जागी चुलीतली राख चोळायची, शेणखत घालून उथळ पुरायची. फांद्यांची थोडी सावली करायची. आणि आयांना सांगायची, "उकरून बघायचं नाय गो. त्याला त्याच्या वेळेला येऊ द्यायचं."

बायका लाकडं आणायच्या निमित्तानं तिथे जात. आपल्या फुलाशी घडीभर बसत. कुणी मनात ठेवलेलं नावही हळूच घेई. पुरुषांना वाटे, बाया सगळं विसरल्या.

मग एका पावसाळ्यात पऱ्या असा फुगला की अर्धा काठ धुऊन घेऊन गेला. पुढच्या पावसात उरलेला जाणार, हे उघड होतं. फाल्गुनात भिकीआय सखोबा गावकाराच्या ओटीवर गेली. गावाचा मान त्याच्याकडे होता आणि शब्दही त्याचाच चाले.

"गावकारानू, पोरं वाहून जातील," ती म्हणाली. "आम्ही गड्डे काढून आणतो. ज्याच्या त्याच्या परसात लावतो."

सखोबा ताडकन उठला. "त्या मातीतलं काही वेशीच्या आत यायचं नाय! जित्या पोरांवर संकट आणशील. जी बाई आणील, तिचं घर वाळीत."

भिकीआय खाली उतरली आणि घरोघर गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बायका पऱ्यावर जमल्या. जमीन कोरडी, एक पान दिसत नव्हतं. पण कुणाला काही विचारावं लागलं नाही. प्रत्येक बाई चालत गेली आणि नेमकी आपल्या जागी बसली. सगळ्यांनी हातांनीच माती उकरली. ज्यांच्या आया आता हयात नव्हत्या, त्यांचे गड्डे भिकीआयनं काढले. मग पदराची ओटी करून, त्यात गड्डा घेऊन, त्या ओळीनं गावाकडे निघाल्या.

वेशीवर सखोबा आडवा उभा होता. मागे गावचे पुरुष. सगळ्यांत पुढे सगुणा होती, गावातली सर्वांत अबोल बाई. ती थांबली आणि म्हणाली, "गावकारानू, वाट सोडा. पोर घेऊन उन्हात उभी आहे मी."

सगुणाचा नवरा गर्दीतून पुढे आला आणि तिच्या शेजारी चालू लागला. मग एकेक पुरुष आपापल्या बायकोकडे गेला. वेशीवर सखोबा एकटाच उरला. वाळीत टाकायचं तरी कुणाला? गावात दुसरं घरच उरलं नव्हतं.

चैत्र आला. नुकत्याच हललेल्या गड्ड्याला त्याच साली फूल येत नाही, असं लावणारे सांगतात. पण त्या वर्षी एका सकाळी हातखोलच्या प्रत्येक परसात भुईचाफा उमलला. वास डोंगराच्या माथ्यापर्यंत गेला, गुरांनी चरायचं सोडून माना वर केल्या, असं म्हणतात.

आणि एक फूल सखोबाच्या परसात आलं. तिथे कुणीच काही लावलं नव्हतं.

सखोबा ओरडला, "हे कुणी आणून लावलं?"

त्याची म्हातारी आई, येसाय, भिंतीला धरत बाहेर आली. फुलापाशी खाली बसली. भिकीआय लग्न होऊन या गावात येण्याच्या कितीतरी आधी येसायच्या ओटीतलं एक मूल गेलं होतं.

"कुणी लावलं नाय रे," ती म्हणाली. "तुझा मोठा भाऊ आहे तो. दामू. इतकी वर्षं मी नाव घेतलं नाय."

मग सखोबानं आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, आईच्या शेजारी मांडी घातली आणि फूल मान टाकेपर्यंत दोघं तिथून उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी तो भिकीआयच्या दारात गेला. काय बोलला ते कुणाला ठाऊक नाही. पण पावसाळ्यात पऱ्यानं काठ नेला तेव्हा काठावर उभं राहून पहिला नारळ त्यानंच सोडला.

भिकीआय त्यानंतर बरीच वर्षं जगली. ती गेली तेव्हा तिला खांदा द्यायला रक्ताचं कुणी नव्हतं. तिला बायकांनी नेलं. तशी रीत नव्हती, पण कुणी अडवलं नाही. त्या दिवशी भर श्रावणात गावभर भुईचाफ्याचा वास होता, असं म्हणतात.

हातखोलात आजही भुईचाफा कुणी खुडत नाही, देवालासुद्धा नाही. ज्या घरी तो उमलतो, त्या घरची बाई त्या दिवशी रांधत नाही. शेजारचे ताट घेऊन येतात आणि फुलापाशी बसतात. लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत खणानारळाबरोबर एक गड्डा घालतात, त्याला भिकीआयची ओटी म्हणतात. आणि इथल्या बाईला कधी विचारा, मुलं किती? ती गेलेल्यांना धरून सांगते.