खारवंडची हजेरी

बसा रे, पुढे सरकून बसा! गोष्ट त्या काळातली आहे, जेव्हा आपल्या खारवंडला जायला होडीशिवाय वाट नव्हती, आणि शाळा म्हणजे देवळामागची एक झोपडी होती.

त्या झोपडीत दोन सिस्टर आल्या. थोरली सिस्टर लुर्दिना आजाऱ्यांना औषध द्यायची, म्हाताऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणायची. धाकटी सिस्टर इमेरेंसिया पोरांना शिकवायची. उंचीने एवढीशी, पण आवाज? अरे बापरे! तिने हजेरी सुरू केली की समोरच्या बेटावरचे बगळे उडत, असं म्हणतात. सिस्टर लुर्दिना डोक्याला हात लावायची. "अगं, हळू! झोपडी पडेल एखाद दिवशी!"

तर या सिस्टरची एक रीत होती. वहीतलं नाव ती कधी खोडायची नाही. पोर आजारी पडू दे, नाहीतर आईबापाने कामाला लावू दे, रोज सकाळी नाव घ्यायचंच. जे हजर, ते म्हणे "हजर, सिस्टर!" जे नाही, त्याच्यासाठी सगळ्या वर्गाने ओरडायचं, "येईल!"

बस्त्याव कोळ्याची रेमेत नऊ वर्षांची होती. बापाने तिला शाळेतून काढलं आणि बोंबील वाळवायला किनाऱ्यावरच्या वलांडीशी, म्हणजे मासळी टांगायच्या बांबूंपाशी, उभी केली. आता गंमत बघा, शाळेची खिडकी नेमकी तिकडेच उघडायची! रोज सकाळी रेमेतला ऐकू यायचं स्वतःचं नाव, आणि पाठोपाठ, "येईल!" पोरीचे हात बोंबलांत, पण कान खिडकीत.

बस्त्याव एके दिवशी तणतणत शाळेच्या दारात आला.

"सिस्टर, ते नाव खोडा! बोंबील वाळवायला अक्षरं लागतात का?"

"बस्त्याव, बोंबील तुमचे, तिथे मी बोलत नाही. वही माझी आहे," सिस्टर म्हणाली, आणि पुढचं नाव घेतलं. मेला काय करणार? गेला पाय आपटत!

पण रेमेतला काही राहवेना. ओहोटी लागली की ती बापाची नजर चुकवून लांबच्या वाळूच्या दांड्यावर जायची आणि शिंपल्याने ओल्या वाळूत अक्षरं गिरवायची. भरती आली की अक्षरं पुसली जात. कोणाला पत्ता नाही!

मग आली ती सकाळ. असं धुकं पडलं, असं धुकं, की आपलाच हात आपल्याला दिसेना. भरती चढू लागली आणि वलांडीशी रेमेत नाही! एका बाईने सांगितलं, पोर दांड्याकडे जाताना दिसली होती.  बस्त्यावने होडी लोटली आणि ओरडत सुटला, "रेमेत! ए रेमेत!" उत्तर नाही. दांडा घटकाभरात बुडतो, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक. बायका रडू लागल्या.

सिस्टर इमेरेंसिया धावत आली. हातात वही! अशा वेळी वही कशाला? अहो, सवय! ती तशीच पाण्यात शिरली. कमरेपर्यंत गेली, वही डोक्यावर धरली, आणि पहिल्या नावापासून हजेरी सुरू केली.

"इनास!" किनाऱ्यावरून इनास ओरडला, "हजर, सिस्टर!" "फिलू!" "हजर, सिस्टर!" एकामागून एक. असं म्हणतात, तेवढा वेळ भरती थबकली. समुद्राला वाटलं असेल, आपलंही नाव येईल! वहीचं एकही पान भिजलं नाही, असंही म्हणतात.

"रेमेत!"

 मग पोरं, बायका, म्हातारे, सगळा किनारा एका दमाने ओरडला, "येईल!"

आणि धुक्यातून, अगदी बारीक, पण स्पष्ट आवाज आला, "हजर, सिस्टर!"

बस्त्यावने त्या आवाजावर वल्ही मारली. म्हणतात की धुकं होडीपुढे फाटत गेलं. पोर गळ्याइतक्या पाण्यात उभी होती, मुठीत शिंपला. त्याने तिला वर ओढलं, छातीशी धरलं.

"मी इतका ओरडलो, ऐकू नाही आलं?"

"आलं, बाबा," रेमेत म्हणाली. "पण तू मारशील असं वाटलं."

बस्त्याव त्या शब्दांनी जो रडला, तो किनारा लागेपर्यंत रडला. पोरीला खांद्यावर घेऊन, ओलाचिंब, तो सरळ शाळेत गेला आणि तिला पोरांत बसवून तिच्या शेजारी जमिनीवर बसला. सिस्टरने वही उघडली, खाली त्याचं नाव लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. एवढा दांडगा माणूस, मान खाली घालून म्हणाला, "हजर, सिस्टर."

दोघी सिस्टर जाऊन किती वर्षं झाली, कोणी सांगू शकत नाही. पण अजून सणाच्या दिवशी मिस्साची प्रार्थना संपली की सगळं गाव किनाऱ्यावर जमतं आणि हजेरी होते. कोणी जहाजावर असतो, कोणी आखातात, कोणी भांडून घर सोडून गेलेला. एकेक नाव घेतात आणि गाव ओरडतं, "येईल!" आया डोळे पुसतात.

शेवटचं नाव सिस्टर इमेरेंसियाचं. तेव्हा मात्र "येईल" म्हणायचं नाही. त्या वर्षी शाळेत घातलेली सगळ्यात लहान मुलगी पाण्यात पाय घालून उभी असते. ती असेल नसेल तेवढा जोर लावून ओरडते, "हजर!"

आणि बेटावरचे बगळे उडतात. मी स्वतः पाहिलेत.