रक्तपेढीचे पेढे

“...म्हणजे ताई, पिवळ्या रेघा गेल्या की काम संपलं, नाही का?”

शार्दूलने पेढ्यांचा पुडा पुढे केला. दुसऱ्या हातात उघडा लॅपटॉप. स्वारी इतकी खुशीत होती की दोन्ही सांडतील असं वाटत होतं.

कुमुदताई साबण्यांनी तीस वर्षं प्रोग्राम लिहिले होते. आता वाईच्या घरी बसून त्या शिकवत, तेही मनात आलं तर. त्यांनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही.

“कशाचे पेढे?”

“रक्तपेढीचे! उद्या दहाला बसवायचंय. तिथला फ्रीज सहा अंशांच्या वर गेला, की माझा प्रोग्राम भोंगा वाजवणार. रक्ताची एक पिशवी वाया जाणार नाही, ताई!”

“आणि रेघा?”

आपण प्रोग्राम लिहितो त्या एडिटरमध्ये एक प्लगइन असतं आणि त्याच्यामागे लँग्वेज सर्व्हर बसलेला असतो. तो आपलं लिखाण वाचतो आणि काही खटकलं की खाली पिवळी रेघ ओढून इशारा देतो. शार्दूलच्या प्रोग्रामवर असे तीनशे अकरा इशारे होते.

“सर्व्हरच येडा आहे. समोरच्या फायली सापडत नाहीत म्हणतो! प्लगइन तीनदा काढून परत घातलं. शेवटी सेटिंगमध्ये गेलो आणि सगळे इशारेच बंद करून टाकले. एका मिनिटाचं काम. बघा, शून्य!”

एवढा हुशार मुलगा, आणि त्याला याचाच अभिमान वाटत होता. मला तर हसूच आलं असतं. ताई हसल्या नाहीत.

“चालू कर.”

“पण ताई...”

ताई पेढा धरून बसून राहिल्या.

त्याने चालू केले. पडदा वरपासून खालपर्यंत पिवळा झाला.

“फोल्डर कुठलं उघडलंयस?”

“‘रक्तपेढी’.”

“त्यात काय काय आहे?”

“सगळंच. जुन्या आवृत्त्या, फ्रीजचे फोटो, माझा बायोडेटा... प्रोग्राम आतल्या फोल्डरमध्ये आहे.”

“मग त्या सर्व्हरला अंगणात उभं करून फडताळातलं का विचारतोस?”

शार्दूलने जीभ चावली. ते फोल्डर बंद केलं, आतलं उघडलं. सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. तीनशे अकरा... नव्वद... बारा... एक.

“एक! ताई, एकच उरली!” तो खुर्चीतून उठून नाचला. नाचता नाचताच त्याचं बोट सवयीने सेटिंगकडे निघालं. “थांबा, एवढी एक बंद करतो.”

ताईंनी हातातला पेढा त्याच्या टचपॅडवर ठेवला.

“आधी वाच.”

त्याने वाचलं. मोठ्याने.

“‘भोंगा वाजवा’ हे फंक्शन लिहिलेलं आहे, पण कुठेही वापरलेलं नाही.”

“आठ दिवस घरच्या फ्रीजवर चाचणी घेतली, ताई. भोंगा एकदाही वाजला नाही. म्हणून तर पेढे आणले...”

“लाइट गेली नव्हती?”

“गेली होती ना. मंगळवारी. सहा...”

सहा तास फ्रीज बंद, आतलं सगळं कोमट झालेलं, आणि तरी भोंगा वाजला नव्हता. उद्या दहा वाजता तो हेच रक्तपेढीत बसवून येणार होता. त्याचा चेहरा पांढरा पडला.

आणि पुढच्याच क्षणी डोळे चमकले. सापडलं होतं! आज सापडलं होतं! त्याने पेढा उचलून तोंडात कोंबला, तुपकट बोटांनीच त्या फंक्शनला हाक मारणारी एक ओळ लिहिली आणि ओरडला,

“शून्य! ताई, शून्य!”

“मघाशीही शून्यच होतं.”

मग पिशवीत हात घालून त्याने भोंगा आणि तापमान मोजणारी वायर काढली, लॅपटॉपला जोडली, वायरचं टोक आधी बर्फाच्या पाण्यात धरून प्रोग्राम चालू केला आणि मग ते सरळ ताईंच्या चहात बुडवलं.

भोंगा असा काही कोकलला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी “अहो, काय झालं?” म्हणून हाक मारली.

“वाजला! ताई, वाजला!” शार्दूल हात वर करून उड्या मारत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने वायर चहातून काढली, पुसली, परत बर्फाच्या पाण्यात बुडवली. भोंगा वाजतच राहिला.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

“ताई! बंद कसा करायचा, ते लिहायचंच राहिलं!”

ताईंनी पुड्यातला दुसरा पेढा घेतला आणि या वेळी तो तोंडात टाकला.

“त्याची काय घाई आहे?”