न बघितलेली बॅट

एका शहरात शरयू टिपणीस नावाची टेबल टेनिसची खेळाडू होती. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभायचाही. वीस वर्षं ती राज्याच्या संघातून खेळली. बँकेने खेळाडू म्हणून नोकरी दिली, पण बाकी सगळं तिने स्वतः ओढून आणलं. स्पर्धेला गेलं की शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं, गार पाण्याने आंघोळ करायची आणि सकाळी टेबलाशी उभं राहायचं. गुडघ्याला पट्टा बांधून तिने राज्याला पदकं आणून दिली. त्या पदकांच्या फोटोत मात्र मधोमध कायम संघटनेचे सचिव पालकर!

त्या वर्षी पालकरांनी तिला बोलावून घेतलं. चहा ढवळत, मान वरही न करता म्हणाले, "शरयूताई, चाळिशी आली ना? आता पोरींना जागा द्या. आपण तुमचा झकास सत्कार करू."

शरयूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझा खेळ शेवटचा कधी बघितलात?" ती कडाडली. "चाचणी घ्या. हरले तर जागा सोडेन."

पालकरांना नाही म्हणता येईना. संघातल्या शेवटच्या जागेसाठी शरयू विरुद्ध केतकी भोईर असा सामना ठरला. केतकी सोळा वर्षांची. ती खेळायला शिकली तीच मुळी शरयूच्या उन्हाळी शिबिरात.

आता या खेळात एक रीत आहे. सामना सुरू होण्याआधी दोघी एकमेकींच्या बॅटी हातात घेऊन बघतात. बॅटीवरचं रबर गुळगुळीत आहे की काटेरी, यावर चेंडू कसा येणार ते ठरतं. शिबिरात शरयू पोरींना दरडावून सांगायची, "समोरच्याच्या बॅटीवर अंगठा फिरवून बघायचं. समोर सख्खी बहीण असली तरी बघायचं!"

चाचणीच्या दिवशी पालकर पहिल्या रांगेत येऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर शाल आणि नारळ. अहो, सामना व्हायचा होता अजून! माणसाला काही लाज? शरयूने ती शाल बघितली आणि तिची नजर तिथेच खिळली.

"ताई, बॅट," म्हणत केतकीने दोन्ही हातांनी आपली बॅट पुढे केली.

"तुझी काय बॅट बघायची? पहिली बॅट मीच घेऊन दिली होती तुला," शरयू म्हणाली. तेही पालकरांकडे बघतच. बॅट तिने तशीच परत ढकलली. केतकीने मात्र शरयूच्या बॅटीवर दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवला.

सामना सुरू झाला. शरयू चेंडूला मारत होती, पण डोळ्यांपुढे पालकर होते. ती जोरात स्पिन देऊन मारायची आणि केतकी बॅकहँडला नुसती बॅट लावायची. चेंडू भलताच मंद होऊन परत यायचा आणि शरयूचा पुढचा फटका जाळ्यात जायचा. चेंडूचा आवाजही नेहमीचा नव्हता. डोकं ठिकाणावर असतं तर शरयूने दोन चेंडूंत ओळखलं असतं. पण डोकं होतं कुठे? ते तर त्या शालीत अडकलं होतं. ती दातओठ खात आणखी जोरात मारू लागली, आणि चेंडू आणखी जोरात जाळ्यात जाऊ लागले.

दोन गेम गेले. तिसराही हातचा जायला लागला तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"काटेरी रबर! हिने रबर बदललंय!" ती पंचांवर ओरडली. "ही फसवणूक आहे!"

"कसली फसवणूक?" पंच म्हणाले. "रबर नियमातलं आहे. तिने बॅट तुमच्यापुढे केली होती, बाई. तुम्ही बघितली नाहीत."

उरलेले पॉइंट कसे गेले ते शरयूला कळलंही नाही. ती हरली.

केतकी हात मिळवायला आली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण तेही रागानेच.

"मी चोर नाही, ताई. तुमच्याशी खेळायचं म्हणून महिनाभर या रबरावर घाम गाळला. आणि तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. समोर मी उभी होते ना?"

पालकरांनी शरयूला न बघताच निकालात काढलं होतं, आणि तिने या पोरीला अगदी तसंच काढलं होतं.

"दे ती बॅट," ती म्हणाली. तिने दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवला, सावकाश. "रबर चांगलं निवडलंस. फसवणूक म्हणाले, ते चुकलं माझं."

तेवढ्यात पालकर शाल उलगडत लगबगीने आले. शरयूने त्यांना हातानेच थांबवलं.

"घडी घाला तिची. शब्द दिला होता, यंदाची जागा सोडली. पण पुढच्या वर्षी चाचणीला येणार आहे. तुमच्याकडे बघायला नाही, बॅट बघायला."

पालकर शाल घेऊन तसेच उभे राहिले आणि शरयू गुडघ्याचा पट्टा सोडायला बाकावर जाऊन बसली.

तात्पर्य: राग कितीही रास्त असला तरी तो ज्याचा त्याच्यावरच ठेवावा; समोर उभ्या असलेल्याकडे न बघता जो लढतो, तो त्याचाही अपमान करतो आणि आपलाही घात.