आधीचं पॅनल

“…मग आता बदलायचं राहिलंय तरी काय, उस्ताद?”

इंद्रजितनं हातातली पक्कड पत्र्याच्या पेटीवर आपटली.

बाबालाल उस्तादांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली. एक घोट घेतला.

वाघजाईच्या जत्रेचं कुस्तीमैदान. ऊन कलायला लागलेलं. हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, हळद, लिंबू मिसळून झालं होतं. हलगीवाले जाळावर हलग्या शेकत बसले होते. आणि मैदानाच्या कडेला, लांबच्यालाही डाव दिसावा म्हणून, पॅनलाला पॅनल जोडून केलेली ही भलीमोठी एलईडी वॉल उभी होती.

उभी होती म्हणायचं, एवढंच.

चाचणीला लावलेल्या चित्रातला मागच्या वर्षीचा पैलवान डाव्या बाजूला अंगापिंडानं शाबूत दिसायचा. तोच पैलवान उजवीकडं सरकला की त्याच्या चिंध्या व्हायच्या. मुंडकं एकीकडं, लंगोट दुसरीकडं, मधे नुसत्या थरथरणाऱ्या पट्ट्या.

“आरं, त्येच्या मानेतनं तंगडी फुटली बघ!” लवकर येऊन जागा धरलेली म्हातारी मंडळी खिदळत होती.

इंद्रजितला ते हसू अंगाला झोंबत होतं. उस्तादांनी पहिल्यांदाच अख्खी वॉल त्याच्या हवाली केली होती. डावी बाजू त्यानं स्वतः जोडली होती, उजवी त्याच्या हाताखालच्या सोपाननं. आणि उस्ताद म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हता. तंबूतल्या सिनेमापासून या धंद्यात केस पांढरे केलेले. पडद्यावर उमटणारी कुठलीही गोष्ट बिघडली की त्या भागातली माणसं आधी देवाचं नाव घ्यायची, मग बाबालाल उस्तादांचं.

“काय काय बदाललंस?” उस्तादांनी विचारलं.

“केबल बदलली. कार्ड बदललं. सोपानच्या बाजूची पॅनलं उतरवून दुसरी चढवली. बिघाड जिथल्या तिथं. त्याच्याच बाजूला.”

“आन तुझ्या बाजूला?”

“माझ्या बाजूला काय बघायचंय? आरशावानी लख्ख हाय की.”

“व्हय,” उस्ताद म्हणाले. “दिसतीया खरी लख्ख.”

…

“सोपान कुठंय?”

इंद्रजितनं हनुवटीनंच दाखवलं. मैदानापलीकडं एसटीचा थांबा होता. थांब्याच्या कट्ट्यावर सोपान पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. दोन लेकरांचा बाप, इंद्रजितपेक्षा वयानं थोराड. लाऊडस्पीकरचा धंदा बसला तेव्हा पन्हाळी पत्र्याखालचा संसार सावरायला या कामात आलेला. इंद्रजितनंच त्याला हाताशी धरून शिकवलं होतं.

आणि दुपारी इंद्रजितनंच त्याला घालवून दिलं होतं. सगळ्या गावासमोर.

झालं होतं एवढंच. सोपान दबकत म्हणाला होता, “दादा, तुमच्या बाजूचं ते शेवटचं पॅनल जरा उघडून बघू का?”

झालं! इंद्रजितच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याचं पॅनल? त्यानं स्वतः लावलेलं? सोपानचा हात त्यानं झटकून टाकला आणि ओरडला, “शेण थापायचे हात तुझे, पडद्याला लावू नकोस! ऊठ, लाग घरच्या वाटेला. परत कामावर येऊ नकोस.”

तेव्हा उस्तादांची बशी ओठाजवळ थांबली होती. ती तशीच खाली आली. चहा बशीतच निवला. इंद्रजितनं ते पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावायला त्याला फुरसत कुठं होती?

“गेलेला बरा,” आता इंद्रजित म्हणाला. “त्याच्या डोक्यात उजेडच पडत न्हाई.”

उस्ताद उठले. “चल. मागं जाऊ.”

वॉलच्या मागं लोखंडी सांगाडा, केबलींचं जंजाळ आणि तापल्या पत्र्याचा वास. दोघं सांगाड्याच्या फळीवर चढले. उस्तादांनी सोपानच्या पहिल्या पॅनलावर बोट टेकवलं. मग त्यातनं निघालेल्या केबलीवरून बोट हळूहळू मागं नेलं. मागं… आणखी मागं… आणि एका पॅनलाशी येऊन ते थांबलं.

“हे कुणाचं?”

“…माझं. शेवटचं.”

“सोपानच्या पॅनलाला चित्र कोण देतंय?”

“…हेच.”

एलईडीच्या कामातली ही मुळाक्षरं. चित्र एका पॅनलातनं दुसऱ्यात जातं. प्रत्येक जण आपल्या वाटणीचं दाखवतो, बाकीचं पुढच्याच्या हवाली करतो. म्हणून रडणारं पॅनल दिसलं की त्याच्या आधीचं उघडायचं. हे इंद्रजितनंच सोपानला पहिल्या दिवशी पढवलं होतं. सोपानच्या ते ध्यानात राहिलं, हाच काय तो सोपानचा गुन्हा.

तरीही इंद्रजितचं मन मानेना.

“पण उस्ताद, ह्या पॅनलावरचं चित्र बघा की! एक ठिपका हललेला न्हाई. सगळं नीट दाखवतंय.”

“दाखवतंय,” उस्ताद म्हणाले. “देतंय का?”

…

इंद्रजितनं पॅनल उघडलं. चित्र पुढं नेणाऱ्या केबलीचं टोक बाहेर ओढलं.

खोबणीत माती होती. हौद्यातली तांबडी माती, ताकानं ओलसर, गच्च बसलेली.

सकाळी घाईघाईत त्यानं हेच पॅनल हौद्याच्या काठावर, उघड्या मातीवर टेकवलं होतं. खाली घोंगडी अंथरल्याशिवाय पॅनल जमिनीला लावायचं नाही, असा उस्तादांचा दंडक. सोपान त्याच्यामागं घोंगडी घेऊन धावलाही होता. त्याला इंद्रजित म्हणाला होता, “ऱ्हाऊ दे रं, कळतंय मला.”

ते आता आठवलं. नवी केबल त्यानं लावली होती खरी, पण लावली होती खोबणीत न बघताच, याच मातीत.

त्यानं ते पॅनल उतरवलं, शिलकीतलं चढवलं, केबल जोडली.

मैदानातनं हाळी उठली. “जुळला रं, पैलवान जुळला!” म्हातारी मंडळी टाळ्या पिटायला लागली. कुणीतरी हौसेनं हलगी कडाडवली.

इंद्रजितनं पडद्याकडं मान वळवून पाहिलंही नाही. तो मातीनं भरलेल्या बोटांकडं बघत होता. त्याला लाज वाटत होती.

लांब रस्त्यावर धुरळा उठला. संध्याकाळची एसटी. थांब्यावरचा सोपान पिशवी घेऊन उभा राहिला. ती गाडी गेली असती, तर सोपानही गेला असता. परत येणाऱ्यातला तो नव्हता.

“मी जातो, उस्ताद. आणतो त्याला.”

“काय सांगशील?”

“चूक माझी हुती म्हणून.”

“पॅनलाची?”

“…न्हाई. पॅनल काय, पुसलं की साफ. मी बोललो त्याची.”

“ते बोलणं कुठनं आलं तुझ्यात?”

…

इंद्रजितनं मान खाली घातली.

त्याला ठाऊक होतं कुठनं आलं ते. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. जत्रेतला तंबू, पावसानं झालेला चिखल, आणि पांढऱ्याशुभ्र पडद्यावर चुकून टेकलेला त्याचा हात. रात्रभर सिनेमातल्या राजाच्या गालावर त्या पंजाचा डाग दिसत राहिला होता. लोक हसले होते. आणि भरल्या तंबूत उस्ताद कडाडले होते, “शेण थापायचे हात तुझे, पडद्याला लावू नकोस!”

अक्षराचाही फरक नाही. त्या रात्री तो तंबूच्या मागं, जनरेटरच्या आवाजात हमसून हमसून रडला होता. घरी मात्र गेला नव्हता. गेला असता तर आज…

हे उस्तादांना तोंडावर कसं सांगायचं? ज्यांनी पोटच्या पोरासारखं घास भरवून मोठं केलं, त्यांना?

“माझंच हाय ते, उस्ताद,” तो म्हणाला. “माझ्याच तोंडातलं.”

उस्तादांचे डोळे भरून आले होते. खोटं बोलणाऱ्यावर ते हमखास रागवायचे, पण आज रागावले नाहीत.

धुरळा जवळ आला होता.

उस्तादांनी पायानं चाचपून वहाणा चढवल्या. गुडघ्यावर हात दाबून, “या अल्ला,” म्हणत ते सांगाड्याच्या फळीवरून उतरले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि इंद्रजितला ओलांडून थांब्याच्या दिशेनं भराभरा चालायला लागले.

“उस्ताद, तुम्ही कशाला?” इंद्रजित मागनं धावला. “त्यो माझा माणूस हाय, मी बोललोय त्याला. मी जातो की!”

उस्ताद थांबले नाहीत. चालता चालताच म्हणाले,

“तू मागनं ये. आधीचं पॅनल मी हाय.”