पूजेत बसलेली पुस्तकं

बाळांनो, हे नगर काही आटपाट नव्हतं. चांगलं उंचसखल होतं, दगडधोंड्यांचं, आणि त्याचं नाव होतं बकुळवाडी. तिथं तानू नावाची आठ वर्षांची मुलगी राहायची. तिच्या झग्याला चार ठिगळं होती. एक पोपटी, एक जांभळं, एक हळदी, आणि चौथ्याचा रंग धुऊन धुऊन ओळखू येईनासा झाला होता. तिची आई ती तान्ही असतानाच देवाघरी गेली होती. तिचा बा, सोनबा, बुरूड होता. बांबू चिरून तो टोपल्या, सुपं, परड्या विणायचा. त्याच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटांना सगळं दिसायचं.

त्यांच्या घरात पुस्तक एकही नव्हतं. पण त्यावाचून काही अडत नव्हतं, कारण गावात वाचनालय होतं.

वाचनालय कसलं, गावाचं कौलारू माहेरच होतं ते. पुढे लांबरुंद ओसरी. तानूच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बुटक्या बुटक्या खिडक्या. पिढ्यान् पिढ्या मुलं बसून खिडक्यांचे कट्टे गुळगुळीत झालेले. दुपारी चार वाजले की ओसरीवर वाचन सुरू व्हायचं. ज्याला वाचता येतं त्यानं मोठ्यानं वाचायचं, ज्याला येत नाही त्यानं ऐकायचं. कुंभारआजोबा यायचे, भाजीवाल्या मावश्या शेंगा सोलत बसायच्या. सोनबा परडी विणता विणता कान देऊन ऐकायचा. घरी जाताना तीच गोष्ट तो तानूला परत सांगायचा आणि तिच्यात पदरचे दोन राक्षस घालायचा. तानू अक्षरं शिकली तीसुद्धा तिथंच, वाचणाऱ्याच्या खांद्यावरून डोकावून डोकावून.

आता पुढचं ऐका. राग आला तर खुशाल येऊ द्या. मी तर रागावूनच सांगणार आहे.

दाजीसाहेब नावाचे एक गृहस्थ वाचनालयाचे अध्यक्ष झाले. त्यांना ती ओसरी बघवेना. म्हणाले, "हे काय वाचनालय आहे? गोठा दिसतो नुसता." त्यांनी ओसरी पाडली, कौलं उतरवली, बुटक्या खिडक्या बुजवल्या आणि तिथं संगमरवराची पांढरीशुभ्र इमारत उभी केली. वर चार निळे घुमट, पुढे काचेचा चकचकीत दरवाजा, आणि रस्त्यापासून दरवाजापर्यंत एकेचाळीस पायऱ्या. कुंभारआजोबांचे गुडघे त्या पायऱ्या कशा चढणार, हे कुणी विचारलं नाही. खिडक्या इतक्या उंच की आत बघायला उंटावर बसायला हवं. इमारत बघून मान दुखायची, आणि टेकायला म्हणाल तर वीतभर जागा नव्हती.

दसऱ्याला दाजीसाहेबांनी सगळी पुस्तकं त्या इमारतीत सरस्वतीच्या पूजेला मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली. तुम्हाला ठाऊकच आहे, पुस्तकं पूजेला बसली की त्या दिवशी वाचायचं नसतं. मग उत्तरपूजा करायची, अक्षता टाकायच्या, पुस्तक जागचं जरासं हलवायचं आणि वाचायला घ्यायचं. पण दाजीसाहेब म्हणाले, "उत्तरपूजा प्रधानजींच्या हातानं होईल. ते राजधानीहून येतील, फीत कापतील, मग बघू. तोवर कुणी पुस्तकाला हात लावायचा नाही. पूजा मोडेल." आणि त्यांनी दाराला भलंमोठं लोखंडी कुलूप लावलं.

प्रधानजी दिवाळीला येणार होते. मग संक्रांतीला. मग होळीला. आता वैशाख लागला होता. एका दिवसाच्या पूजेला सात महिने झाले होते. झेंडू वाळून त्याचा भुगा झाला, कुंकू पुठ्ठ्यांवर चढलं, आणि याला हे लोक भक्ती म्हणत होते. गावही गप्प बसलं. मोठ्यांची कामं मोठ्यांना ठाऊक, म्हणून मान खाली घालून निघून गेलं. मला दाजीसाहेबांइतकाच त्या गप्प बसण्याचाही राग येतो.

आणि सोनबा? पहिले काही दिवस तो रोज विचारायचा, "तानू, आज उघडलं का गं?" मग त्यानं विचारणं सोडलं. मग बोलणंच सोडलं. दिवसभर टोपल्या विणायचा आणि संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडायचा. तानू म्हणायची, "बा, एक गोष्ट सांग ना." तो नुसती मान हलवायचा. आपला बा असाच कायमचा मुका होणार, अशी भीती तिला वाटायची.

एके दिवशी सकाळी ती वाचनालयामागच्या बागेत बकुळीची फुलं वेचायला गेली. झाडाखाली इवल्या इवल्या चांदण्यांचा सडा पडला होता. पलीकडे प्रधानजींसाठी कुंपण तिसऱ्यांदा रंगवलं होतं, सोनेरी, झगमगीत, अजून ओलं नि चिकट. तिथून चिलटाच्या गुणगुणण्याएवढा बारीक आवाज आला.

"मला कुणी सोडवेल का?"

तानूनं वाकून पाहिलं. करंगळीएवढी एक परी कुंपणाला चिकटली होती. अंगात बकुळीच्या पाकळ्यांचा झगा, मोरपंखी पंख, आणि त्यातला उजवा पंख ओल्या रंगात रुतलेला. ओढला असता तर फाटलाच असता. तानूनं क्षणभर विचार केला. सकाळीच तिनं केसांना खोबरेल तेल चोपडलं होतं. घरातलं शेवटचं होतं ते. तिनं वेणीवरून बोट फिरवलं, पंखाच्या कडेला हळूहळू तेल लावलं, आणि फुंकर घालत घालत रंग सोडवला. चुटुकला पंख मोकळा झाला.

"किती हलका हात आहे तुझा," परी म्हणाली. "मी या वाचनालयाची परी. तिसऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर राहायचे. कट्टा पाडला, तेव्हापासून उघड्यावर आहे. बाळ, तू तीन इच्छा माग."

तानूनं एका दमात मागितलं, "माझ्या बाला डोळे दे."

परीचे पंख खाली झुकले. "ते माझ्या हातात नाही गं. मला भिंती, पायऱ्या, खिडक्या आणि पुस्तकाची पानं, एवढंच वळवता येतं. शिवाय माझ्या इच्छांना नियम आहेत. इच्छा मोठ्यानं बोलायची, चार माणसांसमोर. जे मागशील ते सगळ्यांचं होईल, एकटीच्या घरी नेता येणार नाही. आणि माणसानं लावलेलं कुलूप माझ्या जादूनं उघडत नाही. ते माणसानंच उघडायला हवं."

"मग दाजीसाहेब उघडणार नाहीत," तानू म्हणाली.

"ते मला नाही सांगता येत," परी म्हणाली आणि टुणकन उडी मारून तिच्या वेणीत जाऊन बसली.

त्याच दिवशी दुपारी प्रधानजींच्या स्वागताची तालीम होती. प्रधानजी आलेच नव्हते, तरी तालीम सातवी. सगळ्या गावाला खाली उन्हात उभं केलं होतं. दाजीसाहेब फेटा बांधून सगळ्यात वरच्या पायरीवर, छत्रीखाली उभे होते. शेजारी अक्षतांचं तबक. तानू बाचा हात धरून गर्दीतून पुढे आली. बाचा गप्प चेहरा पाहून तिला आतून चीड आली, आणि चिडीनं आवाज निघाला.

"या पायऱ्यांची ओसरी होऊ दे."

एकेचाळीस पायऱ्या पिठासारख्या पसरल्या, खाली बसल्या, त्यांच्याबरोबर इमारतही जमिनीशी आली, आणि पायऱ्यांची लांबरुंद गार ओसरी झाली. दाजीसाहेब सरसर घसरत तानूसमोर येऊन उभे राहिले.

"खिडक्या खाली येऊ देत."

खिडक्या भिंतीवरून खाली उतरल्या आणि तानूच्या गुडघ्याशी येऊन थांबल्या. प्रत्येकीला गुबगुबीत कट्टा फुटला. बंद गजांमागून हळदकुंकवानं माखलेली पुस्तकं दिसू लागली, आणि लोक धावत गजांशी गेले.

"ही पोरगी कोण?" दाजीसाहेब ओरडले. "पुस्तकांना हात लावाल तर खबरदार. पूजा मोडेल. पाप लागेल गावाला."

"दाजीसाहेब," तानू म्हणाली, "आमच्या घरीपण पूजा असते. खंडेनवमीला बा कोयत्याला हळद लावतो, फूल वाहतो, त्या दिवशी बांबूला हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकतो आणि कोयता हातात घेतो. सात महिने तो पाटावरच ठेवला असता तर आम्ही उपाशी मेलो असतो. कोयत्याला गंज चढला असता. मग ती पूजा कसली?"

भाजीवाल्या मावश्यांनी पदर खोचले. "पोर खरं बोलतेय," एक म्हणाली. "आम्हीच मेल्या गप्प बसलो."

दाजीसाहेबांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. "कुलूप प्रधानजी आल्यावरच निघेल."

तेव्हा तानूनं तिसरी इच्छा बोलून दाखवली. "पुस्तकांना काय वाटतं, ते त्यांना बोलू दे."

आतून आधी खसखस झाली, मग शेकडो पानं फडफडली. "उठवा आम्हाला," एक जाडजूड पुस्तक म्हणालं, "बसून बसून अंग आंबलं." "माझ्या डोळ्यांत कुंकू गेलंय," एक पिटुकलं पुस्तक रडवेलं होऊन म्हणालं. "आम्हाला नमस्कार नको, आम्हाला मांडी हवी." आणि मग कोपऱ्यातून एका जुन्या, फाटक्या पुस्तकाचा आवाज आला.

"दाज्या, अरे, मला ओळखलंस का? तू खिडकीत बसून कैरी खात मला वाचायचास. माझ्या पानावर तुझ्या तिखटमिठाच्या बोटाचा डाग आहे अजून. हात धुऊन ये, असं तुला तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं."

दाजीसाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांनी फेटा काढला. "समुद्रावरच्या गोष्टींचं होतं ते," ते पुटपुटले. "बारा वेळा वाचलं होतं मी." मग खाली मान घालून ते दाराशी गेले. कुलपात किल्ली फिरवायला त्यांना चांगला वेळ लागला, कारण सात महिन्यांत तेही गंजलं होतं. मला विचाराल तर त्यांना एवढ्यावर सोडायला नको होतं. पण तानू माझ्यापेक्षा चांगली. तिनंच अक्षतांचं तबक त्यांच्यापुढे धरलं.

दाजीसाहेबांनी अक्षता टाकल्या, पहिलं पुस्तक जागचं हलवलं आणि ते तानूच्या हातात दिलं. मग बाकीची पुस्तकं हातोहात बाहेर आली. कुणी पदरानं कुंकू पुसलं, कुणी झेंडू झटकला. कुंभारआजोबा सगळ्यांच्या आधी ओसरीवर बसले.

तानूच्या वेणीतून परी अलगद उडाली. तिसऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर ती उभी राहिली. तिचा एक पंख मोरपंखी होता आणि दुसऱ्याच्या कडेला सोनेरी रंगाची बारीक रेघ तशीच राहिली होती. "आता हे दार बंद होऊ देऊ नकोस," ती म्हणाली. "पुन्हा कुणी कुलूप आणलं, तर आजच्यासारखंच मोठ्यानं बोल. त्याला परी लागत नाही." आणि ती पिवळ्या, केशरी, गुलाबी उजेडात विरघळत गेली. तो उजेड सगळ्या खिडक्यांतून एकदम ओसरीवर आला, आणि पुस्तकांच्या उघड्या पानांवर पसरला.

तानू बाच्या शेजारी मांडी घालून बसली आणि वाचू लागली. दोन ओळी नीट गेल्या. तिसरीत एक लांबलचक जोडाक्षरी शब्द आला आणि ती अडली. पुन्हा अडली. तिचे कान लाल झाले.

सोनबानं चाचपडत तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सावकाश वाच, पोरी," तो म्हणाला. "मी इथंच बसलोय."