आज्याची वांगी

खूप वर्षांपूर्वी नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तसली गावं पुष्कळ असतात. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त लक्ष देऊन ऐका, कारण गोष्ट तुमचीच आहे.

गाव भाजीपाल्यावर जगायचं. थंडी सरत आली की जुनी झाडं मुळासकट उपटायची, मळ्याबाहेर नेऊन जाळायची, जमीन खणून उन्हात तापू द्यायची, शेणखत घालून वाफे बांधायचे आणि मग नवी रोपं लावायची. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पण गावात एक रीत होती. ज्या हातानं झाड लावलं, त्याच हातानं ते उपटायचं. दुसऱ्याच्या हातचं झाड उपटणं म्हणजे त्या माणसाचं मरण चिंतणं. ही रीत कुणी घातली ते कुणी सांगत नसे. म्हाताऱ्यांनीच घातली असणार, कारण ती त्यांच्याच सोयीची होती.

त्या गावात एक आजा आणि त्याची नात राहायची. घरात दोघंच. मळ्यातली सगळ्यात चांगली काळी जमीन आज्याच्या वांग्यांनी अडवली होती. ती वांगी इतकी जुनी, की खोडं सरपणासारखी झालेली, पानं विरळ, फळ लिंबाएवढं. तरी आजा रोज सकाळी काठी टेकत जायचा आणि एखादं वांगं चाचपून म्हणायचा, अजून धरतंय.

नातीच्या बापालाही त्यानं सांगितलं होतं, पुढच्या वसंतात ही जमीन तुझी. बाप वाट बघत राहिला आणि एका पावसाळ्यात तापानं गेला. मग तोच शब्द आज्यानं नातीला दिला.

"पोरी, या थंडीत रोपं तयार कर. थंडी सरली की काळी जमीन तुझी."

पोरीनं शब्द खरा धरला. तिची चूक काढायचीच तर एवढी एक निघेल.

तिनं परसात वाफा केला, बी टाकलं. रोज संध्याकाळी वाफ्यावर पाचट पसरायची, सकाळी ऊन आलं की काढायची. गारठ्यानं तिची बोटं फुटली. शेजारीण म्हणायची, एवढं पांघरूण नवऱ्याला घातलंस तर तो डोक्यावर बसेल गं. पोर हसायची आणि पाचट नीट करायची.

थंडी सरली. दुपारचं ऊन टोचायला लागलं. रोपं वीतभर झाली आणि वाफ्यात दाटी करू लागली. ती आता लागली नाहीत तर तिथंच पिवळी पडणार होती, आणि मग उन्हाळाभर घरात शिजवायला काही उरणार नव्हतं.

पोर कुदळ घेऊन आज्यासमोर उभी राहिली. तुम्ही नुसता हात लावा, जोर मी लावते, असंही म्हणाली. आजा म्हणाला, आज पाठ धरलीय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, फुलं आलीत, फुलावरचं झाड उपटू नये. मग म्हणाला, होळी होऊ दे.

त्या दिवशी तिनं आज्याच्या झाडाचं एक वांगं चिरलं. आत गुबगुबीत गुलाबी अळी. ती चिरडणार तोच अळी बोलली. माणसं जे बोलत नाहीत ते कुणीतरी बोलायला हवंच.

"मला मारून काय मिळणार? माझं गणगोत त्या झाडांत भरलंय. आम्हाला पोसणारा तिकडे बाजेवर ऊन खात बसलाय. तुझी रोपं कधी लावतेस तेवढं सांग. कोवळा शेंडा खाऊन फार दिवस झाले."

पोर ते वांगं घेऊन चावडीवर गेली. तिथं गावातले सगळे जाणते बसले होते, आजाही होता. तिनं किडकं वांगं पुढं ठेवलं. पण प्रत्येकाच्या मळ्यात तसलीच जुनी झाडं उभी होती, त्यामुळे प्रत्येकाला खोकला आला. एक म्हणाला, आमच्या काळी अळी नव्हती. दुसरा म्हणाला, पोरींनी मळ्यात फार तोंड चालवलं की फळ झडतं. तिसऱ्यानं तोडगा काढला, जुन्या ओळींच्या मधे नवी रोपं लाव, जुनंही राहील आणि नवंही येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. असले तोडगे काढत काढतच ते जाणते झाले होते.

"आबा, अळी रोपांवर येईल," पोर म्हणाली.

"मी जिवंत असताना माझी झाडं उपटायला निघालीस?" आज्याचा आवाज कापला, डोळे भरले.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की त्या गावात वाद संपायचा. संपला.

पोरीनं मधल्या चिंचोळ्या पट्ट्या खणल्या, शेणखत घातलं, रोपं लावली, कळशीनं पाणी दिलं. रोपांनी जीव धरला. मळा हिरवा दिसू लागला तसा आजा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, नातीला मीच शिकवलं.

मग एका सकाळी चार शेंड्यांनी माना टाकल्या. पुढच्या आठवड्यात सगळ्याच.

जाणते बघायला आले. म्हणाले, पोरीच्या हाताला गुण नाही. पोरीनं आज्याकडे बघितलं. त्याला खरं माहीत होतं. त्यानं फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"मी म्हणतच होतो," आजा म्हणाला, "घाई करू नकोस."

परसातल्या वाफ्यात उरलेली चार खुरटी रोपं पोरीनं मातीसकट उचलली, कुदळ घेतली आणि नदी ओलांडली. पलीकडे कुणालाच नको असलेला खडकाळ उतार होता. तिनं दगड वेचले, माती गोळा केली. त्या उन्हाळ्यात तिनं वांगी थोडी आणि रानातला पाला जास्त खाल्ला. पण तिथली माती निरोगी होती. हळूहळू गावातली आणखी तरणी माणसं तिच्या वाटेनं गेली. नदीच्या अलीकडे चावडी तेवढी भरलेली राहिली.

पुढची थंडी सरली. उतारावर पोरीनं स्वतःची झाडं स्वतः उपटली. एकदोघांवर फुलं होती, तीही उपटली. जाळ केला.

तो जाळ बघून आजा नदीकाठी आला. त्याची वांगी केव्हाच वाळली होती. मळ्यात नुसती खोडं उभी होती, आणि त्याला वाकवत नव्हतं.

"पोरी, ये गं," त्यानं हाक मारली. "खोडं उपटून दे. आता मळा खरंच तुझा."

भाकरी आणि भाजी ती त्याला रोज पाठवायची, पुढंही पाठवत राहिली. पण कुदळ तिनं उचलली नाही.

"आबा, ज्या हातानं लावलं, त्याच हातानं उपटायचं," ती म्हणाली. "रीत तुमचीच आहे."

आजा परत गेला. एक खोड दोन्ही हातांनी धरून त्यानं ओढलं. खोड हललं नाही. पुढं आजा गेला, तरी खोडं तशीच राहिली, कारण ती उपटायची मुभा असलेला हात आता उरला नव्हता.

एवढंच ध्यानात ठेवा: जो वेळेवर जागा मोकळी करत नाही, त्याच्यामागं ती जागा घ्यायला कुणी थांबत नाही.