थोरलीचा उजेड

त्या राज्यात सूर्य फार वेळ थांबत नसे, म्हणून उजेड जमिनीखालून काढावा लागे. खाली काळा दगड होता. तो भट्टीत जाळला की तारांमधून घरोघर दिवे लागत.

आधी माणसं कुदळीनं खणत. मग त्यांनी थोरली उभी केली. ती होती यंत्रच, पण तिला यंत्र म्हणायला कुणाची जीभ रेटत नसे. तिच्या पोलादी पंज्यात बैलांसकट अख्खी गाडी मावे. ती खाणीच्या तळाशी उभी राही आणि तिचं मस्तक वर कड्याला भिडे. तिनं नुसती मान वळवली तरी घरांतली भांडी थरथरत.

तिला चिमाक्का चालवी. मस्तकातल्या काचेच्या खोलीत बसून ती दांडा ओढी, आणि समोरची टेकडी जागची उठे. इतकी वर्षं झाली, तरी दर वेळी तिच्या अंगावर काटा येई. हे आपल्या हातून होतंय?

पण घरचा दिवा मिणमिणू लागला होता. तिची मोठी जाऊ सारूबाई शिवता शिवता बोटाला सुई टोचून घेई.

"चिमा, डोंगरच्या डोंगर उपसतेस तू," ती एकदा म्हणाली, "मग आपल्याकडे अंधार का गं?"

चिमाक्का दगड वाहणाऱ्या पट्ट्याच्या कडेकडेनं भट्टीपर्यंत चालत गेली. तिथल्या निंबाजीनं वर बोट दाखवलं. पूर्वी चारी दिशांना जाणाऱ्या तारा आता एकाच बाजूला, खाणीकडे वळल्या होत्या.

"थोरली खोल गेली, तिला चालायला जास्त लागायला लागलं," निंबाजी म्हणाला. "एकेक घराची तार सोडवत गेलो. तुमची आळी तेवढी राहिलीय. तिचीही आज सोडवतोय."

चिमाक्का परतली आणि काचेच्या खोलीत बसून तिनं विचारलं, "थोरले, तू एवढं खणतेस कशासाठी?"

थोरलीचा आवाज नेहमीसारखा तळपायांतून वर आला. त्यात खोट नव्हती.

"खणायला जेवढं लागतं, तेवढ्यासाठी."

संध्याकाळ झाली. थोरलीच्या अंगावरचे हजारो दिवे पेटले होते आणि सगळं राज्य कड्यावर जमलं होतं. बायका सतरंज्यांवर बसून तांदूळ निवडत होत्या, न्हावी दाढ्या करत होता. चिमाक्कानं दांडा सोडून दिला.

काळोख झाला. कधी नव्हे इतकी शांतता पसरली. तिनं काच सरकवली.

"चिमा, काय झालं?" सारूबाईची हाक आली. "चालू कर ना! पोरं घाबरली."

"जाऊबाई, हिच्यात आपल्याच घरांचा उजेड आहे!"

"माहीत आहे की," सारूबाई म्हणाली. "म्हणून तर सगळे इथं येऊन बसलोय."

कड्यावरून कुणीतरी रडवेल्या आवाजात थोरलीचं नाव घेतलं. मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. चिमाक्काचा हात आपसूक दांड्यावर गेला.

थोरली उजळली. दरीतून दुसरा दिवस उगवावा तशी ती उजळली, आणि तिच्या रूपापुढे चिमाक्काचे डोळे भरून आले. पंजा उंच गेला, सावकाश वळला आणि कड्याच्या काठात रुतला.

जमीन हादरली. माणसं उठली, सतरंज्या उचलून थोडी मागं सरकली आणि थोरलीवरून नजर न काढता पुन्हा खाली बसली. त्यांच्या पाठी आता आपापल्या घरांच्या भिंतींना टेकल्या होत्या.